दुसऱ्या कॅसेटमधला आवाज

आवाज सगळा काढून टाक आणि वरून गाणं लाव, असं आसिफ जाताना सांगून गेला होता, आणि शगुफ्ता तसंच करणार होती. पण खो-खोचा सामना मुका बघून कापता येत नाही हे दुसऱ्या कॅसेटच्या सुरुवातीलाच तिच्या लक्षात आलं. मुली उठत होत्या, बसत होत्या, धूळ उडत होती, आणि कुठली मुलगी नेमकी कधी बाद झाली हे शिट्टी ऐकल्याशिवाय कळत नव्हतं. म्हणून तिने हेडफोन कानाला लावला. भोरच्या एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत त्यांची ही खोली होती; दोन व्हीसीआर, एक मिक्सर, एक टीव्ही, आणि भिंतीला लागून लग्नांच्या कॅसेटी. शूटिंग आसिफ करायचा, कापणं-जोडणं तिचं. डिसेंबर चालू होता, नव्व्याण्णव साल. मार्गासनीजवळच्या ज्या शाळेत ती स्वतः दहावीपर्यंत शिकली, त्या शाळेच्या मुली विभागात पहिल्या आल्या होत्या, तिथले खेळाचे सर शनिवारी निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या सत्कारात दाखवायला शाळेला अर्ध्या तासाची हायलाइट्सची कॅसेट हवी होती. सरांचं नाव आनंदराव, पण तीस वर्षं सगळे त्यांना आबासरच म्हणत. काम आलं त्या दिवशी शगुफ्ताला इतका आनंद झाला होता, की तिने सामना बघायच्या आधीच कॅसेटच्या शेवटी पडद्यावर येणारी पाटी तयार करून ठेवली. ‘आबासरांना, त्यांच्या एका विद्यार्थिनीकडून.’ खाली तिचं नाव. कॅसेट आपण कापतोय हे तिने शाळेत कुणाला कळवलं नव्हतं. सर ती पाटी बघतील तेव्हा आपण मागच्या रांगेत असायचं, एवढंच ठरवलं होतं.

कानात शिट्टी आली, मुलींचे खो आले, आणि त्यांच्याहून जवळ, अगदी कानाशी बोलल्यासारखा, आबासरांचा आवाज आला. कॅमेरा पंचांच्या टेबलाशेजारी उभा होता आणि सर कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून शाळेचे जुने क्लार्क कुंडलिक यांच्याशी बोलत होते. पडद्यावर भिमा नावाची एक काळीसावळी, काटक मुलगी खांबाला वळसा घालून पळत होती. कुणाच्या हाताला लागत नव्हती.

“ह्या बारीला भिमाचं नाव खाली घ्यावं लागतंय,” सर म्हणत होते. “अध्यक्षांची पुतणी बसवायचीय. बाराच नावं जात्यात.”

“पोरगी रडंल, सर. तिची आई येईल इचारायला.”

“येत न्हाई. घरात कर्ता गडी न्हाई. पोरीला सांगायचं, तुझ्या आईनं न्हाई म्हणलं. आईला सांगायचं, पोर निवडीत बसली न्हाई, तिच्याजवळ विषय काढू नका, लागंल तिला. दोघी एकमेकींना जपत्यात, कुंडलिक. इचारत न्हाईत. मागं हनीफ मणेराच्या पोरीचं तसंच केलं न्हाई का, अकोल्याच्या येळंला. बापानं तर सही करून कागद सोताच्या हातानं आणून दिलावता. मोडकीतोडकी सही. पोरगी अकोल्याला चालली म्हणून खुशीत आमच्या मंडळींना हातभर बांगड्या भरून गेला. लई साधा माणूस. भाड्याच्या खोलीत राहायचा, गावात ना घर ना भाऊबंद. तेच्या नावावर खपलं.”

कुंडलिक हसले की खोकले ते कळलं नाही. भिमा अजून पळत होती. मग टाळ्या झाल्या आणि त्यात सगळंच बुडालं.

शगुफ्ताने कॅसेट मागे नेली आणि पुन्हा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकताना तिचं लक्ष शब्दांकडे नव्हतं, आवाजाकडे होतं. तो आवाज बदललेला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी ह्याच आवाजात, शाळेच्या व्हरांड्यात, डोक्यावर हात ठेवून सर तिला म्हणाले होते, “म्या लई समजावलं तुझ्या वडिलांना. ऐकत न्हाईत. पोरीला येवढ्या लांब न्हाई धाडायची म्हणत्यात. आता घरी जाऊन भांडू नगंस बाळ. तू इचारलंस तर तेंनाच वाईट वाटंल.” ती तेव्हा नववीत होती. खांबाजवळची जागा तिची होती, संघ राज्याच्या सामन्यांना अकोल्याला निघाला होता, आणि तिने आयुष्यात भोरच्या पुढचं काही पाहिलं नव्हतं. रडताना तिने सरांचा सदरा भिजवला होता. त्यांनी तिला स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं, आणि तोंड धुवून घरी जा म्हणाले. आपल्या बाजूने एकच माणूस भांडला आणि तो हा, असं तिने त्या दिवशी मनात पक्कं केलं. पुढे कधी वेल्ह्याच्या गाडीतून शाळेवरून जायची वेळ आली, की ती मैदानाकडे बघून मनातल्या मनात सलाम करायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आता ते आठवून तिचे कान तापले, एकटीच होती तरी.

आणि अब्बा. अब्बा बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून वेल्ह्याच्या बाजारला, साखर गावाला, पालीपर्यंत पायी हिंडायचे. त्यांचा हात इतका हलका होता, की बायका म्हणत, हनीफभाईंनी बांगडी भरली तर हाताला कळत न्हाई. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा ते दारात बसून सुतळीत बांगड्या ओवत होते. त्यांनी वर बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिला तेव्हा वाटलं, हे अपराधी आहेत. अंगणातून ती सरळ आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. अम्मी दोनदा जेवायला उठवून गेली. अब्बा आले नाहीत. आता, दुपारच्या उजेडात, थांबवलेल्या पडद्यावर एक मुलगी पाय उचललेल्या अवस्थेत अडकलेली असताना, शगुफ्ताला ते मिटलेलं तोंड दुसऱ्या बाजूने दिसलं. पोर निवडीत बसली नाही. तिच्याजवळ विषय काढू नका. ते तिला जपत होते. त्यानंतर सात वर्षं त्यांनी तिला जपलं आणि ती त्यांच्याशी एक धड वाक्य बोलली नाही. जेवलीस का? हो. दप्तर भिजलं का? नाही. ते बाजारातून रेवड्या आणायचे, ती धाकट्या भावाला देऊन टाकायची. एकदा तर आषाढात ते चिंब होऊन आले, थंडीने कुडकुडत होते, आणि टॉवेल हाताशी असून तिने तो उचलला नाही. अम्मी चुलीपासून उठून येईपर्यंत ते तसेच उभे राहिले. हे इतकं बारीक तिला अजून आठवत होतं, आणि आजवर ते आठवलं की तिला आपलंच बरोबर वाटायचं.

त्र्याण्णव साली तिचं आसिफशी लग्न झालं. आदल्या दिवशी अब्बांनी स्वतः तिला बांगड्या भरल्या. तिचा पंजा आपल्या हातात घेऊन, बोटं दाबून एकत्र करत ते हळूच म्हणाले, “हरलं म्हणून येवढं मनात धरू नये, बेटा. खेळात होतंच.” तिला वाटलं, पाच वर्षांनीसुद्धा हे मलाच शिकवतायत. तिने हात मागे घेतला. दुसऱ्या हातातल्या बांगड्या मामूंनी भरल्या. अब्बा उठून बाहेर मांडवात गेले आणि खुर्च्या मोजायला लागले. मग पंच्याण्णव साली कावीळ झाली, आठ दिवसांत सगळं आटपलं. शेवटच्या दिवसांत ती त्यांच्या पायाशी बसून होती. त्यांनी विचारलं होतं, “अजून राग हाय?” ती म्हणाली होती, “कसला राग.” आणि तिला वाटलं होतं, आपण त्यांना माफ केलं. त्या माफीचा तिला चार वर्षं अभिमान होता. जनाज्यानंतर ती मोठ्या मनाची मुलगी म्हणून रडली होती.

तिने हेडफोन काढला. गल्लीत कुणीतरी स्टोव्हला पंप मारत होतं. ती मोरीपाशी गेली आणि तोंडावर पाणी मारलं. आरशात तिने स्वतःकडे बघितलं आणि तिला आश्चर्य वाटलं, की चेहरा सकाळचाच होता. परत येऊन बसल्यावर, सरांच्या आणि अब्बांच्या मागून, एक तिसरी गोष्ट हळूहळू तिच्यापुढे आली. शूटिंग करताना आसिफ नेहमी हेडफोन लावतो. लावल्याशिवाय तो कॅमेरा चालू करत नाही. एका लग्नात माइक बंद राहिला होता तेव्हापासूनची सवय. आणि आजवर एकाही कामाला त्याने आवाज सगळा काढून टाक असं सांगितलं नव्हतं.

तो पाच वाजता आला. हातात वड्यांचा पुडा होता. तिच्याकडे बघून त्याने पुडा मिक्सरवर ठेवला आणि चप्पल काढायचा थांबला.

“तुम्ही ऐकलंत,” ती म्हणाली. “त्या दिवशी. मैदानावरच.”

“काय?”

“आसिफ.” ती त्याला नावाने हाक मारत नसे.

तो स्टुलावर बसला. तो खाली पडलेली वायर गुंडाळू लागला. “ऐकलं,” तो म्हणाला. “त्यांना ठाऊक नव्हतं मी कोण ते. कॅमेरावाला म्हणजे त्यांना माणूसच वाटत नाही. मी काय करणार होतो? कॅमेरा टाकून त्यांची गचांडी धरू?”

“मला सांगायचं.”

“सांगून? अब्बा परत येणारेत का? तू त्यांच्यावरचा राग विसरलीस, चांगलं चाललंय. तुला वाईट वाटू नये म्हणूनच आवाज काढ म्हणालो.”

तो वाईट माणूस नव्हता. सहा वर्षांत त्याने कधी तिच्यावर हात उचलला नव्हता, तिला मशीन शिकवली होती, चुलत्यांचा विरोध असताना दुकानात बसवलं होतं. आणि रविवारी मैदानावरून आल्यावर तो नेहमीसारखा जेवला, तिच्याकडून पाठ दाबून घेतली, लेकीला, गुलफशाला, मांडीवर घेऊन टीव्ही बघितला. सोमवार, मंगळवार, बुधवार. चार दिवस त्याच्या पोटात अब्बांची ती सही होती, आणि भाजीत मीठ कमी आहे एवढंच तो तिला म्हणाला होता.

“त्या मुलीचं काय?” तिने विचारलं. “भिमाचं?”

“कोण भिमा?” तो म्हणाला, आणि तो खरंच विसरला होता.

शुक्रवारी सकाळी तिने गुलफशाला सासूकडे ठेवलं आणि वेल्ह्याची गाडी धरली. स्कूटरने सोडतो, असं आसिफ दोनदा म्हणाला. नको, एवढंच ती बोलली. कापूरहोळला गाडी भरली, चेलाडीला आणखी भरली, आणि मार्गासनी यायच्या आधी तिला डाव्या हाताला शाळेचं मैदान दिसलं. दोन खांब, मधे फक्कीची फिकट रेघ. इथे उतरावं, सरांसमोर उभं राहावं, असं सगळी वाट ती मनात घोळवत आली होती. काय बोलायचं तेही ठरलं होतं. पण गाडी थांबली तेव्हा ती उठली नाही. सर आज आहेत, उद्याही आहेत. संघ मात्र सोमवारी सकाळी राज्याच्या सामन्यांना जाणार होता. शाळेने पाट्यांसाठी दिलेल्या खेळाडूंच्या यादीत भिमाचं गाव गुंजवणे होतं; ती साखरेला उतरली आणि गुंजवण्याच्या जीपमध्ये, दुधाच्या रिकाम्या किटल्यांना टेकून बसली. राजगड उन्हात मोकळा दिसत होता. जीपवाल्याने भिमाचं घर दाखवलं.

भिमाची आई रतनबाई खळ्यावर पेंढ्या रचत होती. भिमा ओट्यावर गुडघ्यात डोकं घालून बसली होती. दोघींत वीस पावलांचं अंतर असेल. शगुफ्ताने ते अंतर बघितलं आणि पुढचं तिला कुणी सांगायची गरज उरली नाही.

“मावशी, मी भोरहून आले. खो-खोच्या सामन्याची कॅसेट करते मी.”

रतनबाईने ओठांवर बोट ठेवलं आणि तिला पेंढ्यांच्या मागे ओढलं. “त्यो इषय नगा काढू बाई तिच्याम्होरं. पोर निवडीत बसली न्हाई. सरांनी बजावून सांगितलंय, तिला इचारू नगा, लागंल तिला. तीन दीस झालं, धड जेवली न्हाई.”

“तुम्ही संमतीच्या कागदावर सही केली होतीत?”

“आंगटा केला की. सोता जाऊन दिला सरांच्या हातात. का?”

“तिला इकडे बोलवा.”

रतनबाई जागची हलली नाही. मग शगुफ्तानेच हाक मारली. भिमा आली, आईपासून दूर उभी राहिली, आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली.

“भिमा, तुला सरांनी काय सांगितलं?”

“काय न्हाई.”

“सांग.”

“आई न्हाई म्हणली म्हणून.” मग एकदम, आईकडे न बघता, “न्हाई म्हणायचं व्हतं तर मला सांगायचं. सरांना कशाला सांगितलंस?”

रतनबाईच्या हातातली पेंढी खाली पडली. “म्या?” ती म्हणाली. “म्या न्हाई म्हणले? आगं, अंगठा करताना शाई सांडली माझ्या लुगड्यावर. ह्ये बघ.” तिने पदर उलटा करून दाखवला, निळा डाग होता. भिमा त्या डागाकडे बघत राहिली. तिचं तोंड वेडंवाकडं झालं, पण ती रडली नाही. “मग त्ये सर असं का म्हणलं?” तिने विचारलं. आईला विचारलं, आणि मग शगुफ्ताला.

शगुफ्ताने सांगितलं. कॅसेटमध्ये जे ऐकलं ते, भिमापुरतं. रतनबाईने सगळं उभ्यानेच ऐकलं, हात झटकले, आत जाऊन चपला घालून आली, आणि लेकीला म्हणाली, “चल.”

शाळेत त्या तिघी पोहोचल्या तेव्हा मधली सुट्टी होती. हेडमास्तरांच्या खोलीत रतनबाई खुर्चीवर बसली नाही. ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. “माझा अंगठ्याचा कागद दावा,” एवढंच म्हणत राहिली. हेडमास्तर पानं उलटत राहिले. आबासरांना बोलावणं गेलं. ते आले, दारातच त्यांना सगळं उमगलं, आणि त्यांची नजर रतनबाईवरून शगुफ्तावर आली. त्यांनी तिला ओळखलं.

“शगुफ्ता, बाळ,” ते त्याच आवाजात म्हणाले. “कधी आलीस? किती वर्सांनी.”

तिने गाडीत जुळवलेलं सगळं निघून गेलं. तिच्या तोंडून भलतंच आलं. “माझ्या वडिलांचा कागद कुठंय, सर?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. आता ते काहीतरी म्हणतील, नाकारतील, निदान मान खाली घालतील, असं तिला वाटलं. “येवढ्या वर्सांनी कागद कुठं ऱ्हातोय गं,” ते म्हणाले. अगदी मायेने म्हणाले. मग हेडमास्तरांकडे वळून, “भिमाचं नाव घालू आपण. गैरसमज झाला कायतरी,” असं बोलून ते तासावर गेले. व्हरांड्यातून जाताना एका मुलाला त्यांनी पायातल्या नाड्या बांधायला लावल्या.

भिमा सोमवारी संघाबरोबर गेली. सत्कारही शनिवारी ठरल्याप्रमाणे झाला. शगुफ्ता गेली नाही, कॅसेट आसिफ देऊन आला, आणि लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या असं त्याने सांगितलं. पण ते नंतरचं. शुक्रवारी ती भोरला उतरली तेव्हा चार वाजले होते. गाडीत सगळी वाट ती एकाच गोष्टीचा विचार करत होती. घरी गेल्यावर तो तुकडा दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायचा. अम्मीला ऐकवायचा. अम्मीलाही अब्बांनी शेवटपर्यंत काही सांगितलं नव्हतं. आणि स्वतःसाठी ठेवायचा. सरांचा आवाज असो नाहीतर कुणाचा, अब्बांनी सही केली, खुशीत बांगड्या भरल्या, हे सांगणारं जगात दुसरं काही नव्हतं. कागद उरला नव्हता. तो माणूस उद्या म्हणेल, असं काही घडलंच नाही.

खोलीत आसिफ मशीनपाशी होता. हायलाइट्सची कॅसेट पुरी झाली होती, वर गाणं चढलं होतं. शेवटची पाटी त्याने काढून टाकली होती, ते बरं केलं असं तिला वाटलं. ती शेल्फापाशी गेली. सामन्याच्या दोन कॅसेटी जागेवर नव्हत्या.

“दुसरी कॅसेट कुठे ठेवलीत?”

“ती होय.” त्याने मान वर केली नाही. “आज दुपारी ढमाल्यांची हळद होती ना. त्या शूटिंगला तीच घातली. कोऱ्या संपल्या होत्या.”

“दोन डबे कोऱ्या आहेत खाली.”

मग खुर्ची वळवून त्याने तिच्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर तिच्यासाठी खरोखरच कळवळा होता. “सारखी ऐकत बसली असतीस,” तो म्हणाला. “जिवाला त्रास करून घेतला असतास. संपवून टाकलं मी एकदाचं.”

शगुफ्ताने हळदीची कॅसेट मशीनमध्ये घातली आणि हेडफोन कानाला लावला. बायका गात होत्या. कुणीतरी हसत होतं, ताट पडल्याचा आवाज आला. तिने ती पुढे नेली, आणखी पुढे नेली, शेवटपर्यंत. सगळीकडे बायका गात होत्या. तिने हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवला.

“मला का नाही विचारलंत?” ती म्हणाली.

“विचारलं असतं,” आसिफ म्हणाला, “तर तू नको म्हणाली असतीस.”